बाबासाहेबांचे न दिसलेले दुखणे



आपल्या प्रत्येकाच्या घरात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची तसबीर आहे. घर एका खोलीचे असो की चार खोल्यांचे, भगवान बुद्धांच्या प्रतिमेशेजारी ती असतेच. १४ एप्रिलला आपण तिला हार घालतो आणि लेकराला कडेवर घेऊन ओळख करून देतो. त्या तसबिरीत बाबासाहेब ताठ उभे असतात. अंगात सूट, हातात ग्रंथ, नजर समोर. परंतु ज्या पायांवर ते उभे आहेत त्या पायांत अखेरच्या जवळजवळ दहा वर्षांत रात्र रात्र वेदना होत होत्या, ही गोष्ट तसबीर सांगत नाही. म्हणून ती आज मी आपणांस सांगणार आहे.

ही गोष्ट सांगावीशी का वाटली, ते आधी सांगतो. मी शाळामास्तर आहे. माझ्या आईने बिड्या वळून मला शिकवले. मांडीवर सूप घेऊन ती पहाटेपासून बसायची. पुढे तिचे तळपाय जळू लागले, पायांना मुंग्या येऊ लागल्या, रात्री पायावर चादरीचा स्पर्शही सहन होईना. पाय मात्र चांगले दिसत. ना सूज, ना जखम. शेजारणी म्हणू लागल्या की हिला काम नको झाले आहे. कुणी सांगितले की मागच्या जन्मीचे भोग आहेत, कुणी अंगारा आणून दिला. त्या बायांना काय दोष देऊ? घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मिरवणारा मी, मलाही ते दुखणे खरे वाटले नाही. पाय तर चांगले दिसतात, असे मीच तिला म्हणालो. ती गप्प बसली आणि पुन्हा सूप मांडीवर घेतले. पुढे बाबासाहेबांचे चरित्र वाचताना त्यांच्या आजाराची पाने आली, आणि मास्तर असूनही आपण किती अडाणी आहोत हे मला कळले.

वाचकहो, आजारपण बाबासाहेबांच्या आयुष्यात नवे नव्हते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. आई भीमाबाई त्यांच्या बालपणीच गेल्या. पुढे संसारात पाच अपत्यांपैकी चार डोळ्यांदेखत गेली आणि एकटे यशवंतराव वाचले. माता रमाई दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी निवर्तल्या. घरातले दुखणे कसे असते, औषधाला पैसा नसतो तेव्हा काय होते, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, सोसले होते. परदेशात शिकताना अर्धपोटी राहून त्यांनी ग्रंथालये पालथी घातली, आणि पुढे चळवळीच्या धावपळीत जेवणाखाण्याची आणि झोपेची वेळ अशी राहिलीच नाही.

आपल्या सोलापुराशी त्यांचा संबंध जुना. बहिष्कृत हितकारिणी सभेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९२५ साली वसतिगृह काढले ते याच सोलापुरात. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरच्या नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले, तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. त्या पिढीने डोळ्यांत साठवलेले बाबासाहेब ते हे : भरदार देहाचे, खणखणीत आवाजाचे. आपल्या मनातले बाबासाहेब आजही तसेच आहेत. पुढचे बाबासाहेब, काठी घेतलेले, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढणारे, आपण सहसा आठवत नाही.

त्यांना मधुमेह जडला होता. हा आजार फसवा. ताप येत नाही, अंगावर पुरळ उठत नाही. रक्तातील साखर वाढलेली असते, पण माणूस हिंडत-फिरत असतो. ही साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की शरीरातील बारीक नसा खराब होतात, आणि सर्वांत लांब नसा पायांच्या असल्याने दुखणे बहुधा तळपायापासून सुरू होते. कधी आग होते, कधी सुया टोचतात, कधी वीज चमकल्यासारखी कळ जाते. रात्री ते वाढते. पाहणाऱ्याला पाय धडधाकट दिसतात, कारण बिघाड कातडीवर नसून आत नसांत असतो. बाबासाहेबांना मधुमेहाबरोबर नसांचा हा विकार होता, संधिवात होता आणि रक्तदाबही वाढलेला होता. एका शरीरात इतके सगळे, आणि त्यातले बाहेर काहीच दिसत नव्हते.

आता तारखा लक्षात घ्या. २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेची मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. समितीत सात जण होते. पण एकाने राजीनामा दिला, एक मृत्यू पावले, एक परदेशी गेले, एक संस्थानाच्या कामात गुंतले, कुणी दिल्लीपासून दूर राहिले. समितीचेच एक सभासद टी. टी. कृष्णम्माचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीपुढे ही हकीकत सांगितली आणि मसुद्याचा भार अखेर एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला, अशी कबुली दिली. नेमक्या याच काळात, १९४७ सरता सरता आणि १९४८ च्या आरंभी, त्यांचे पाय त्यांना झोपू देत नव्हते. ओळीने कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. आणि २१ फेब्रुवारी १९४८ रोजी त्यांनी मसुदा घटना समितीच्या अध्यक्षांना सादर केला.

दिवसा कायद्याची कलमे आणि रात्री पायांतील कळा. आपण घटनेचा ग्रंथ मिरवणुकीत पालखीत ठेवतो. तो लिहिणारा माणूस त्या दिवसांत पाय कुठे ठेवू, कसे ठेवू अशा अवस्थेत होता, हे एकदा मनात आणून पाहा.

मग बाबासाहेबांनी काय केले? त्यांनी दुखणे नाकारले नाही आणि नवसही बोलले नाहीत. ते डॉक्टरकडे गेले. मुंबईचे डॉ. माधव मालवणकर यांच्याकडे त्यांचा उपचार सुरू झाला. इन्शुलिनची इंजेक्शने आणि खाण्यापिण्याचे पथ्य नित्याचे झाले. हे इन्शुलिन १९२१-२२ साली कॅनडातील टोरंटो येथे शोधले गेले. त्यापूर्वी मधुमेहाचे अनेक रोगी हाल होऊन मरत. विज्ञानाने दिलेला हा आधार बाबासाहेबांनी कसलाही संकोच न करता घेतला.

घरात काळजी घेणारे कुणी असल्याशिवाय तब्येत सुधारणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली होती. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह नोंदणी पद्धतीने झाला, आणि त्या डॉ. सविता आंबेडकर, म्हणजे आपल्या माईसाहेब झाल्या. विवाहापूर्वी बाबासाहेबांनी आपले निकटचे सहकारी भाऊराव गायकवाड यांना पत्र लिहून आपल्या प्रकृतीची अवस्था आणि विवाहाचे कारण मोकळेपणाने कळवले होते. पुन्हा लग्न करायचे नाही असे त्यांनी रमाईंच्या पश्चात ठरवले होते. तो निश्चय का मोडावा लागला, हे त्यांनी आपल्या माणसापासून लपवले नाही. बंधूंनो, यातून एक गोष्ट घ्या. सगळ्या समाजाचा आधार असलेला हा पुरुष, मला आता आधार हवा आहे, हे सांगायला लाजला नाही. आपण मात्र घरच्या घरीही ते सांगायला लाजतो.

कामगाराच्या आजाराची दखल त्यांनी याआधीच घेतलेली होती. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १९४३ साली, कामगारांच्या आजार-विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्यातून पुढे १९४८ साली राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. आजारी कामगार कामचुकार नसतो, त्याला औषध आणि आजारपणातला पगार मिळणे हा त्याचा हक्क आहे, हे या कायद्याचे मर्म. सोलापूरच्या ज्या गिरण्यांत आपले वाडवडील राबले त्यांचे भोंगे आता बंद झाले, पण ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

आता १९५१ साल. बाबासाहेब कायदेमंत्री होते आणि हिंदू कोड बिल त्यांच्या जिवाचा विषय झाला होता. स्त्रीला वारसाहक्क मिळावा, घटस्फोटाचा हक्क मिळावा, म्हणून ते झटत होते. त्या वर्षीच्या १० ऑगस्टला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. माझ्या प्रकृतीची मला आणि माझ्या डॉक्टरांना चिंता वाटते, डॉक्टरांच्या हवाली होण्यापूर्वी हे बिल मार्गी लागावे अशी माझी इच्छा आहे, तेव्हा ते लवकर घ्यावे, असा त्या पत्राचा आशय होता. बिल पुढे आले, पण चार कलमांपलीकडे गेले नाही आणि सोडून देण्यात आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी एक खुलासा आवर्जून केला आहे. आजारामुळे मी पद सोडले असे कुणास वाटेल, पण ते खरे नव्हे, आजारासाठी कर्तव्य टाकणारा मी नाही, असे त्यांनी बजावले. विचार करा, त्यांना हे का सांगावे लागले? दुखणाईत माणसाने काहीही केले की लोक त्याचे कारण दुखण्यात शोधतात. तो रागावला तर दुखण्याने, त्याने नकार दिला तर दुखण्याने. त्याला स्वतंत्र मत असू शकते हेच लोक विसरतात. बाबासाहेबांनी ही वाट आधीच बंद केली. आजार त्यांनी मान्य केला, पण आपल्या निर्णयाचे धनीपण आजाराकडे जाऊ दिले नाही.

त्याच वर्षी त्यांनी बुद्धांच्या जीवनावरील आणि धम्मावरील आपला ग्रंथ लिहावयास घेतला. पुढची पाच वर्षे प्रकृतीचे चढउतार चालू राहिले. नजर मंदावली, चालण्याला काठी आणि माणूस लागू लागला. तरी १९५४ च्या डिसेंबरात ते रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले, आणि १९५५ साली भारतीय बौद्ध महासभेची स्थापना केली. ग्रंथाची जी प्रस्तावना १९५६ साली लिहिली, तीत त्यांनी या आजाराचा उल्लेख केला आहे. काही वेळा अवस्था इतकी बिकट झाली की डॉक्टर त्यांच्याविषयी विझत आलेल्या ज्योतीविषयी बोलावे तसे बोलत. ती ज्योत तेवत ठेवल्याबद्दल त्यांनी माईसाहेबांचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मानले. ही प्रस्तावना १९५७ साली निघालेल्या ग्रंथात छापली गेली नाही, ती पुढे प्रसिद्ध झाली. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना ती ठाऊक नसते.

आणि मग तो दिवस. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. ज्या दिवसामुळे आपण आज आपण आहोत, तो दिवस. पांढऱ्या वस्त्रातील बाबासाहेब एका हातात काठी घेऊन आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर ठेवून व्यासपीठावर आले. महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी आणि माईसाहेबांनी दीक्षा घेतली. नंतर त्यांनी स्वतः लाखोंच्या जनसमुदायाला दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रदीर्घ भाषण केले आणि १६ तारखेला चंद्रपूरला जाऊन तेथेही दीक्षा दिली. समोरच्या जनसागराला एक विजयी महापुरुष दिसत होता. उभे राहण्यासाठी तो काय मोजत होता, हे फार थोड्यांना दिसत होते.

नोव्हेंबरात ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि तेथून बनारस, सारनाथ, कुशीनगर करून दिल्लीला परतले. ५ डिसेंबरच्या रात्री अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या बंगल्यात रत्तूंनी त्यांचे पाय चेपून दिले. झोपण्यापूर्वी त्यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद जवळ आणवून ठेवले. त्याच रात्री झोपेत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ६ डिसेंबर १९५६. वय पासष्ट.

या मृत्यूने समाजावर आकाश कोसळले. त्या दुःखात संशयही उठले, आणि त्यांचा भार माईसाहेबांनी वर्षानुवर्षे सोसला. सरकारने चौकशी केली आणि मृत्यू नैसर्गिक असल्याचाच निष्कर्ष निघाला, तरी कित्येकांना तो पटला नाही. मला वाटते, याचे एक कारण हेच की लोकांनी बाबासाहेबांचा आजार कधी पाहिलाच नव्हता. दोन महिन्यांपूर्वी नागपुरात उभा असलेला माणूस गेलाच कसा, असे त्यांना वाटले. जे दुखणे दिसत नाही त्यावर विश्वास बसत नाही, आणि विश्वास बसला नाही की दोष सेवा करणाऱ्याच्या माथी जातो. हे थोरामोठ्यांच्याच बाबतीत घडते असे नाही, आपल्या गल्लीतही घडते.

उपासक-उपासिकांनो, भगवान बुद्धांनाही देहदुःख चुकले नव्हते. पावा नगरीत मल्लांच्या नव्या सभागृहात रात्री प्रवचन चालू असताना त्यांची पाठ दुखू लागली. त्यांनी सारिपुत्तांना पुढचे प्रवचन करण्यास सांगितले आणि स्वतः संघाटी अंथरून आडवे झाले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारले होते की माणसाला होणारे सुखदुःख सारे पूर्वकर्मामुळेच होते काय? त्यावर तथागतांनी पित्त, कफ, वात, ऋतूंतील बदल, शरीराची हेळसांड, इजा अशी कितीतरी कारणे मोजून दाखवली आणि सारे काही पूर्वकर्मावर घालणारे लोक चुकतात असे सांगितले. मग आपल्या घरातल्या आजाऱ्याला मागच्या जन्मीचे भोग ऐकवणारे आपण कोण?

आणखी एक कथा बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात घेतली आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या काही कामाचा नाही म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर ठेवले. आजाऱ्याची किंमत तो किती काम करतो यावर ठरत नाही, हा या कथेचा धडा आहे.

आणि दोन बाणांची उपमा तर आपण विहारात ऐकली असेल. शरीराचे दुखणे हा पहिला बाण. त्यावर मनाने केलेला शोक आणि संताप हा दुसरा. पहिला चुकवता येत नाही, दुसरा चुकवता येतो. मला एवढेच जोडावेसे वाटते की हा दुसरा बाण अनेकदा आजाऱ्याच्या मनातून सुटत नाही, तो शेजारच्या खाटेवरून सुटतो. मी आईला पाय तर चांगले दिसतात असे म्हणालो, तेव्हा तो बाण माझ्याच हातून सुटला होता.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. घरात कुणी, विशेषतः आई, सासू, सून, पाय जळतात, अंग दुखते, झोप येत नाही असे सांगत असेल तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा. अंगारा आणू नका, रक्ताची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात साखर तपासून मिळते. मधुमेह निघाला तर औषध मनाने बंद करू नका आणि पथ्य एकट्या आजाऱ्यावर न टाकता घरानेच पाळा. रोज रात्री तळपाय उजेडात पाहा, कारण नसा बधिर झाल्या की खिळा रुतलेलाही कळत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर अनवाणी हिंडू देऊ नका. आणि आपण स्वतः दुखणाईत असाल तर मदत मागा. बाबासाहेबांनी मागितली होती. मात्र एका बाबतीत त्यांचे अनुकरण करू नका : रात्र रात्र जागून त्यांनी देह झिजवला, कारण काम अफाट होते आणि वेळ थोडा होता. आपल्याला तेवढी घाई नाही. आपण त्यांच्यासाठी झोपलो तरी चालेल.

माझ्या आईलाही मधुमेहच निघाला. दुखणे पूर्ण गेले नाही, पण औषधाने पुष्कळ उतरले. ती आता निम्म्याच बिड्या वळते. रात्री मी तिचे पाय चेपतो. समोर भिंतीवर बाबासाहेब ताठ उभे असतात. त्या तसबिरीतले पायही आता मला दिसतात.

जय भीम.